पाडव्याचा नेम



आज चैत्र शुद्ध प्रतिपदा. श्रीरामाच्या नवरात्रातली ही पहिली सेवा. सकाळी गुढ्या उभारल्या, श्रीखंड-पुरी झाली, दुपारी कुणाकुणाचा डोळाही लागला असेल, आणि आता तुम्ही मंडपात येऊन बसला आहात. पुढे हे छापून निघेल तेव्हा वाचणारा कुठे घरात, कुठे एसटीत बसलेला असेल. त्यालाही मी इथलाच समजून बोलतो. वाचकहो, तुम्हीही मांडी घालून बसलात असं धरून चालतो. मांडी होत नसेल तर खुर्ची घ्या, त्यात देवाचा काही अपमान नाही.

आजच्या सेवेसाठी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातला युक्त आहाराचा भाग घेतला आहे. शके १२१२ मध्ये नेवाशाला माउलींनी हा ग्रंथ सांगितला. त्यातला सहावा अध्याय म्हणजे योगाचा अध्याय. आसन कसं घालावं, प्राण कसा आवरावा, कुंडलिनी कशी जागी होते, सगळं फार वरच्या पायरीचं. आपल्यासारख्या माणसानं तिथे नुसता हात जोडावा. आणि मध्येच देव एकदम आपल्या स्वयंपाकघरात येतात. अर्जुनाला म्हणतात, जेवतोस किती? झोपतोस किती? जो बेसुमार खातो त्याला हा योग साधत नाही. इथपर्यंत आपल्याला पाठ आहे, कारण पोरांना सांगायला बरं पडतं. पण लगेच पुढे देव काय म्हणाले ते आपण सोडून देतो. जो अजिबात खात नाही, त्यालाही साधत नाही! जो सारखा झोपतो त्याला साधत नाही, आणि जो हट्टानं जागतो त्यालाही नाही. दोघांनाही एकाच रांगेत उभं केलं. माउली तर त्याच्यापुढे जातात. जेवणाला माप सांगतात, बोलण्याला माप सांगतात, पावलांनाही माप सांगतात, आणि झोपेचा वेळच्या वेळी मान राखायला सांगतात. झोपेचा मान! आपल्याकडे रात्री एक वाजता मोबाइल बघणारा माणूस झोपेचा काय मान राखणार?

तर आजचा विषय एवढाच. वर्षाचा पहिला दिवस आहे, आज प्रत्येकाच्या मनात काहीतरी संकल्प आहे. साखर सोडायची, पोट कमी करायचं, पहाटे उठायचं. संकल्प चांगला आहे. पण तो हट्टानं घ्यायचा का मापानं, हे आज बघू.

सकाळी कडुनिंब खाल्ला ना सगळ्यांनी? काय काय घातलं होतं? कोवळा पाला, फुलोरा असेल तर फुलोरा, गूळ, ओवा, मीठ, हिंग, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, कुणाकडे चिंच, कुणाकडे कैरी. आणि दिला किती? चमचाभर. तोंड वाकडं होतं न होतं तोवर गुळाची चव येते. आपल्या पूर्वजांना कडुनिंबाचा गुण माहीत नव्हता असं नाही. चांगला आहे म्हणून तांब्याभर प्या असं त्यांनी का नाही सांगितलं? वर्ष सुरू करताना कडू तेवढंच द्यावं जेवढं पोर गिळेल, आणि सोबत गूळ द्यावा. आता काही लोक मोबाइलवर कुणाचं तरी ऐकून रोज पेलाभर कडुनिंबाचा रस पितात. साखरेच्या गोळ्या चालू आहेत, त्यावर हा रस, आणि मग साखर खाली जाऊन दुपारी डोळ्यांपुढे अंधारी. बाबांनो, औषध चालू असलेल्या माणसानं असला प्रयोग डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नये. सणाची चमचाभर चटणी निराळी आणि रोजचा पेला निराळा.

आमच्या ओळखीचे एक गुरुजी आहेत, निवृत्त झालेले. नाव सांगत नाही, ते इथे बसलेलेही असतील. त्यांनी इंग्रजी नववर्षाला संकल्प केला. पांढरे बूट आणले, मनगटाला पावलं मोजणारं घड्याळ बांधलं, भात बंद, चपाती बंद, रात्रीचं जेवण बंद, आणि रोज दहा हजार पावलं. मला रस्त्यात भेटले. म्हणाले, "महाराज, कालची नऊ हजार सातशे झाली होती, म्हणून रात्री अकराला अंगणात तीनशे पावलं घातली." मी म्हटलं, "गुरुजी, शेजारचं कुत्रं भुंकलं असेल." म्हणाले, "भुंकलं ना! सूनबाई पण उठली." अकराव्या दिवशी गुडघा सुजला. बाराव्या दिवशी बूट माळ्यावर गेले, आणि त्या दिवशी पोरानं आणलेली जिलेबी बसल्या जागी अर्धा किलो संपली. हसू नका, यातलं थोडंथोडं प्रत्येकाच्या घरात आहे.

आता हे दहा हजार कुठून आले? मला वाटायचं, कुण्या मोठ्या वैद्यकशास्त्रातून आले असतील. शोधलं तर काय निघालं! १९६४ साली टोकियोला ऑलिम्पिक झालं, लोकांना व्यायामाची हवा लागली, आणि १९६५ मध्ये तिकडे कमरेला लावायचं पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नाव 'मानपोकेई'. जपानी भाषेत त्याचा अर्थच दहा हजार पावलं मोजणारं. म्हणजे आकडा यंत्राच्या नावातून आला आणि जगभर वेदवाक्य झाला! पुढे अमेरिकेत म्हाताऱ्या बायकांवर मोठा अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला. सोळा हजारांवर बायका, सरासरी वय ७२. ज्या दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालत होत्या त्यांच्यापेक्षा सुमारे ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण पुष्कळ कमी होतं. आणि साडेसात हजारांच्या पुढे आणखी फारसा फरक दिसला नाही. कुणाला चौदा हजार चालायचं आहे तर चालू दे, पण ज्या आजीला देवळापर्यंत येऊन जायलाच होतं, तिनं स्वतःला कमी समजू नये, म्हणून हे सांगितलं. पावलांना माप असतं, ते आपल्या गुडघ्याला विचारून ठरवावं.

आणि हे शिकायला जपानला किंवा अमेरिकेला जायची आपल्याला गरजच काय? आषाढात पालखी आपल्या दारावरून जाते. माउलींची पालखी आळंदीहून पंढरीला जाते ते अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. पट्टीचा चालणारा आठवड्यात जाईल. मोटारीनं गेलात तर सकाळी निघून दुपारी चंद्रभागेवर. पालखीला मात्र अठरा-वीस दिवस लागतात. का लागतात? कारण ती एकट्याची चाल नाही, दिंडीची आहे. दिंडीत सत्तरीची म्हातारी आहे, डोक्यावर तुळस घेतलेली बाई आहे, पखवाज गळ्यात अडकवलेला गडी आहे. सगळ्यांना पोचायचंय.

आता तिची आखणी बघा. हे मी अनेकदा सांगतो, कारण मला त्यात फार शहाणपण दिसतं. आळंदीहून पुणे, चांगली लांब मजल. मग पुण्यात दोन रात्री मुक्काम. मग पुणे ते सासवड, तीस-बत्तीस किलोमीटर, आणि मध्ये दिवेघाट! वारीतला सगळ्यात जड दिवस. दिवेघाट चढून गेल्यावर काय? दुसऱ्या दिवशी लगेच तेवढंच चाला? छे! सासवडला परत दोन रात्री मुक्काम. पुढे जेजुरी पंधरा-सोळा किलोमीटर. जेजुरी ते वाल्हे जेमतेम बारा. चढ चढून झाला की विश्रांती, मग हलका दिवस, मग अजून हलका. रोजच्या वाटेतही सकाळचा विसावा वेगळा, दुपारचं जेवण वेगळं, संध्याकाळचा विसावा वेगळा. आज शहरातले व्यायाम शिकवणारे लोक पैसे घेऊन हेच सांगतात, जड दिवसानंतर हलका दिवस ठेवा. हैबतबाबांनी पालखीची शिस्त लावली त्याला दोनशे वर्षं होत आली, आणि त्यात हे सगळं आहे.

कुणी म्हणेल, महाराज, वारीत लोक धावतात की! धावतात. रिंगणात धावतात, आपल्या चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण लागतं तेव्हा तुम्ही बघताच. वेळापूरच्या अलीकडे धावा असतो, तुकोबारायांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावले अशी श्रद्धा आहे, म्हणून सगळी दिंडी उतारावरून धावते. पण तो धावा कधी येतो? वारी बरीचशी संपत आल्यावर, दोन-अडीच आठवडे पाय तयार झाल्यावर. आळंदीच्या वेशीतून कुणी धावत सुटत नाही. सुटला तर त्याला दिवेघाटाच्या पायथ्याशी टेम्पोत घालावा लागेल.

आणि एक. एखाद्या वारकऱ्याच्या पायाला फोड आला, तो एक दिवस ट्रकमध्ये बसला, तर त्याची वारी मोडली असं कुणी म्हणतं का? वाटेत लोक बसलेले असतात, तेल घेऊन पाय चोळून देतात, चपला शिवून देतात. दुसऱ्या दिवशी तो परत दिंडीत. त्याचा विणेकरी त्याला विचारत नाही की काल कुठे होतास. सरक म्हणतो आणि रांगेत जागा करून देतो. आपल्या शरीराशी आपण असं वागतो का? एक दिवस चालणं चुकलं की आपण म्हणतो, गेलं, संपलं, आता पुढच्या वर्षी बघू. लंडनच्या विद्यापीठात सवयींवर एक अभ्यास झाला होता. ९६ माणसं घेतली, प्रत्येकानं एकच लहानशी गोष्ट रोज करायची, कुणी जेवणाबरोबर फळ खायचं, कुणी फिरून यायचं. ती आपोआप घडायला लागेपर्यंत लोकांना मध्यममानानं ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवसांत जमलं, आणि कुणाचा हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. पण त्यात मला आवडलेली गोष्ट निराळीच आहे. एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात विशेष काही बिघडलं नाही. ट्रकमध्ये बसलेल्या वारकऱ्याची वारी चालूच होती, तसंच हे.

आता थोडं अवघड बोलतो. हे नवरात्र आहे, पुढे रामनवमी आहे, घरोघरी उपवास आहेत. मागे एका गावी रामनवमीचं कीर्तन होतं. जन्माची वेळ दुपारी बाराची. चैत्राचं ऊन, वर पत्रा, माणूस माणसाला लागून बसलेलं. पाळणा सजवलेला, मी रामजन्माचं आख्यान शेवटाला आणत होतो, आणि बायकांच्या बाजूला गडबड झाली. एक मावशी घामानं भिजलेल्या, हात थरथरतोय, आणि काहीतरी असंबद्ध बोलताहेत. शेजारच्या म्हणाल्या, अंगात आलं. हळदीकुंकू आणायला पळाल्या. त्या गर्दीत एक नर्सबाई होती, तिनं ओरडून विचारलं, "यांना साखर आहे का?" सून म्हणाली, "आहे, सकाळी गोळी घेतलीय." "खाल्लंय काय?" "काही नाही. पाणीसुद्धा नाही. जन्म झाल्याशिवाय घेत नाहीत."

पोरांनो, अंगात काही आलं नव्हतं. गोळी आपलं काम करत होती, पोटात अन्न नव्हतं, साखर खाली गेली होती. नर्सबाईनं बघितलं, मावशी शुद्धीवर आहेत, गिळता येतंय. तिनं जन्मानंतर वाटायचा सुंठवडा होता ना, सुंठ आणि पिठीसाखरेचा, तोच उचलला आणि त्यांच्या तोंडात घातला, वर साखरेचं पाणी पाजलं. बाराला दहा मिनिटं होती. नैवेद्य दाखवायच्या आधीच प्रसाद वाटला गेला! एकदोघांनी तोंड वाकडं केलं. दहा-पंधरा मिनिटांत मावशींच्या डोळ्यांत ओळख आली, मग त्यांना दवाखान्यात नेलं. बेशुद्ध असत्या तर तोंडात काही घालायचं नसतं, घशात अडकतं, तडक दवाखानाच गाठायचा असतो, हेही लक्षात ठेवा.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. त्या भिंतीकडे तोंड करून रडत होत्या. मला वाटलं भीती वाटली असेल. तर म्हणाल्या, "महाराज, चौतीस वर्षांचा नेम मोडला हो. राम जन्मायच्या आधी मी खाल्लं. आता त्यानं माझ्याकडे बघायचं कसं?"

मला काय बोलावं सुचेना. मग त्यांना विचारलं, "मावशी, उपवास म्हणजे काय?" म्हणाल्या, "उपाशी राहणं." म्हटलं, "शब्दात उपाशी कुठेय? उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणं. देवाजवळ राहणं म्हणजे उपवास. दुपारी पावणेबाराला तुम्हाला सून ओळखू येत नव्हती, पोरगी ओळखू येत नव्हती. पाळण्यात राम ठेवला असता तर तो ओळखू आला असता काय? सुंठवडा खाल्ल्यावर ओळखू आला. मग देवाजवळ तुम्ही केव्हा होतात, खायच्या आधी का खाल्ल्यावर?" त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पण लोक काय म्हणतील?" बघा, शेवटी खरी गोष्ट बाहेर आली! देव रागावेल ही भीती कमीच होती, शेजारणीची जास्त होती.

त्यानंतर त्यांनी डॉक्टरांना विचारून घेतलं. आता रामनवमीला सकाळी ठरलेलं खातात, गोळीचं कसं करायचं ते डॉक्टरांनी सांगितलंय तसं करतात, आणि नऊ दिवस संध्याकाळी पारावर येऊन पोरींना पाळणा शिकवतात. अजून एखादी शेजारीण टोमणा मारते. मारू दे.

म्हणून सांगतो. ज्यांना साखरेचं औषध आहे, इन्सुलिन आहे, ज्या पोटुशा आहेत, ज्यांचं मूल अंगावर पितंय, ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी उपवास धरायच्या आधी डॉक्टरला विचारा. स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका, आणि गोळी घेऊन उपाशीही राहू नका. आणि जे धडधाकट आहेत त्यांच्या उपवासाबद्दल बोलू का? वर्षाला चोवीस एकादश्या, अधिक महिना आला तर सव्वीस. एकादशी दुप्पट खाशी, हे तुम्हीच म्हणता! साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, बटाट्याची भाजी, वेफर्स, रात्री वरी आणि शेंगदाण्याची आमटी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसतं पिठूळ, कंदातून काढलेलं. त्याची साखर व्हायला वेळ लागत नाही. खिचडी खा, माझंही तिच्यावर प्रेम आहे. पण वाटीभर खा, सोबत ताक घ्या, काकडीची कोशिंबीर घ्या, आणि त्याला पोटाची विश्रांती म्हणू नका.

याच ओघात एक बोलून टाकतो, पुरुषमंडळींना आवडणार नाही. घरातल्या बाईचा उपवास देवासाठी किती, आणि पातेल्यात उरलं नाही म्हणून किती? सगळ्यांना वाढून, भांडी आवरून, रात्री साडेदहाला ती गार भाकरी आणि तळाची आमटी घेऊन ओट्याशी उभी राहून खाते. आणि नववर्षाचा संकल्प कोण करतो? नवरा! "उद्यापासून मला वेगळं जेवण, तेल कमी." म्हणजे त्याच्या आरोग्यासाठी तिला आणखी एक भाजी. बाबांनो, तुम्हाला खरंच संकल्प करायचा असेल तर हा करा, तिला आपल्याबरोबर ताटावर बसवा. आठ वाजता सगळे एकत्र जेवा. वाढायला पोरगा उठू दे. तिचं रक्त वाढेल, तुमचंही पोट उशिरा भरायचं थांबेल, आणि पंगतीत बसलेल्या माउलींना काय वाटेल ते निराळंच.

मापाची गोष्ट एका ठिकाणी मात्र लागू नाही. तंबाखू. मिश्री, गुटखा, विडी, सगळं त्यातच आलं. "महाराज, मापानं खातो, दिवसाला दोनच पुड्या." तिला माप नाही. जेवण कमी करायचं असतं, तंबाखू सोडायचीच असते. पण सोडणाऱ्यालाही मी रागावणार नाही. एका झटक्यात सुटत नाही, चारदा सुटते, पाचदा परत धरली जाते. परत धरली तर परत सोडा. पुडीवरच मदतीचा फुकट फोन नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. चित्राकडे बघवत नाही म्हणून नंबरही आपण वाचत नाही. तो लावा, पलीकडे बोलायला माणूस असतो.

आता कुणी म्हणेल, महाराज, हे सगळं देहाचं झालं. देह तर जाणारच आहे, त्याचे एवढे लाड कशाला? बरोबर विचारलं. म्हणून चांगदेवांची गोष्ट.

तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव राहत. आज त्या गावालाच चांगदेव म्हणतात. योगाच्या बळावर त्यांनी चौदाशे वर्षं आयुष्य केलं अशी कथा आहे. काळ न्यायला आला की प्राण वर चढवून बसायचे, काळ माघारी जायचा. आरोग्याचं याहून मोठं उदाहरण कुठलं? आपण शंभरीचं बोलतो, यांची चौदाशे! त्यांनी माउलींची कीर्ती ऐकली, पत्र लिहायला घेतलं. आणि अडले. मायना काय लिहावा? चिरंजीव लिहावं तर ज्ञानानं मोठे, तीर्थस्वरूप लिहावं तर वयानं पोर. शेवटी कोराच कागद पाठवला. कागद मुक्ताईच्या हातात पडला. ती केवढी? लहान पोर. तिनं बघितलं आणि हसून म्हटलं, एवढी वर्षं जगला आणि हा कोराच राहिला की! मग माउलींनी उत्तर पाठवलं, तीच चांगदेव पासष्टी. पुढे ते वाघावर बसून, सापाचा चाबूक करून आले, आणि ही भावंडं भिंतीवर बसून सामोरी गेली, हे तुम्हाला ठाऊक आहे. शेवटी त्याच चांगदेवांनी मुक्ताईला गुरू केलं.

चांगदेवांनी देह सांभाळला हे चुकलं असं मुक्ताई म्हणाली नाही. एवढा सांभाळून त्यात लिहिलं काय, एवढंच तिनं विचारलं. आपलंही तेच. वजन किती उतरलं ते वहीत मांडा, जरूर मांडा. पण गुडघा बरा झाला तर त्या गुडघ्यानं कुठे जाणार आहात? नातवाला शाळेत सोडायला? आजारी भावाला भेटायला? आषाढात निदान सासवडपासून वाल्ह्यापर्यंत दोन दिवस चालायला? ते आधी ठरवलंत तर सकाळी पायात चप्पल घालायला जड जात नाही. नुसत्या पोटासाठी उठायचं म्हटलं की गजर बंद करून माणूस कूस बदलतो.

मग नेम कसा घ्यायचा? चातुर्मासात आपल्या आया काय करत? एकच घेत. कुणी वांगं सोडलं, कुणी कांदा-लसूण, कुणी रोज पिंपळाला प्रदक्षिणा. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत चार महिने, आणि मग रीतसर सोडायचा, उद्यापन करायचं. सगळं एकदम कुणी सोडलं नाही, आणि जन्मभराचं तर कुणी बोललंच नाही. तेच आज करा. आजपासून आषाढी एकादशी तीन महिन्यांवर आहे. तेवढाच धरा. एकच धरा. आणि असा धरा की ताप आलेल्या दिवशीही जमला पाहिजे. संध्याकाळी हरिपाठाला उभं राहून पावल्या टाकायच्या, हा नेम मला विशेष आवडतो. आठवड्याला दीडशे मिनिटं अंगाला हलका घाम येईल असं हालचाल करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोजची झाली एकवीस-बावीस मिनिटं. आपला हरिपाठ त्याहून लांब चालतो! पाय दुखत असतील त्यानं बसून टाळ वाजवावा, नेम मोडत नाही.

कुणाला जेवणाचा घ्यायचा असेल तर मिठाचा घ्या. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ असावं असं म्हणतात, म्हणजे चहाचा चमचा सपाट भरतो न भरतो तेवढं, भाजी-आमटी-भाकरी सगळं मिळून. आपल्याकडे लोणचं, पापड, खारातली मिरची, शेंगदाण्याची चटणी, आणि वर ताटाच्या कडेला वाढलेलं मीठ! वरचं तेवढं बंद करा. बाकीचं राहू दे सध्या. पहिले पंधरा दिवस अळणी लागेल, मग जीभ शिकते. आणि कुणाचा रक्तदाब आहे, गोळ्या चालू आहेत, त्यानं मीठ कमी केलं म्हणून गोळी सोडायची नाही, ती डॉक्टरच कमी करतील.

गुरुजींचं राहिलं. माळ्यावरचे बूट परत खाली आलेत. आता ते सकाळी देवळापर्यंत येतात, पारावर बसतात, पोरांना पाढे विचारतात आणि उन्हं तापायच्या आत परत जातात. घड्याळ नातवानं घेतलं. मी विचारलं, "गुरुजी, पावलं किती होतात?" म्हणाले, "ते मारुतीला विचारा, तो रोज मोजतो." भात पण सुरू आहे. अर्धा केलाय.

बरं, वेळ झाली. आता नामाचा गजर करू, मग आरती. ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी बसूनच टाळी वाजवा. आरतीनंतर प्रसाद दोन जागी आहे. डाव्या हाताला पेढे, उजव्या हाताला काकडी आणि भिजवलेली डाळ, साखरवाल्यांनी लाजू नये, उजवीकडे यावं. पाण्याचा माठ पारापाशी भरून ठेवलाय. म्हाताऱ्या माणसांना सोडायला तरुण मंडळाची पोरं रिक्षा घेऊन थांबली आहेत, घाई करू नका, शेवटचा माणूस घरी पोचेपर्यंत ती जाणार नाहीत. उद्याची सेवा साडेसातला. बोला, पुंडलिक वरदे!